फ्ल्यू आजोबा नक्की कोणाचे? (नास्तिक, ख्रिस्ती आणि दोन्हीकडची पोथीनिष्ठा)

थेम्सकाठचा_गण्या (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे रण पेटलंय. एक मित्र कडवा नास्तिक. दुसरा नगरचा, चार पिढ्यांचा ख्रिस्ती, आजोबा पाळक होते. बाकीचे आम्ही सगळे 'सुप्रभात'वाले.

परवा नगरकराने एका इंग्रजी पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकलं. 'देअर इज नो गॉड' असं छापलेलं, त्यातल्या 'नो'वर काट मारून 'अ' घातलेला. खाली स्वतःची ओळ : "जगातल्या सर्वांत नामचीन नास्तिकानेही शेवटी गुडघे टेकले." पाच मिनिटांत नास्तिक मित्राचं उत्तर : "म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, पाद्र्यांनी लिहवून घेतलं. पुढे बोला."

त्यांचं तिथे संपलं, माझं तिथून सुरू झालं. कारण या पुस्तकाचे लेखक अँटनी फ्ल्यू मी राहतो त्या इंग्लंडातल्या रेडिंगच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये वारले तेही इथेच. एवढी वर्षं त्या विद्यापीठावरून बसने जातोय, नाव ठाऊक नव्हतं.

मग वाचत सुटलो. वडील मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक. पोराने पंधराव्या वर्षी ठरवून टाकलं की जगात एवढं दुःख असताना दयाळू देव असणं शक्य नाही. ऑक्सफर्डला ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस अध्यक्ष असलेल्या सॉक्रेटिक क्लबात नास्तिक आणि ख्रिस्ती समोरासमोर बसून वाद घालायचे, तिथे हा जायचा. १९५० मध्ये तिथेच त्याने एक छोटा निबंध वाचला. त्यातली माळ्याची गोष्ट (मुळात जॉन विज्डम या दुसऱ्या तत्त्वज्ञाची) माझ्या शब्दांत अशी :

दोन माणसं रानातून जाताना मोकळ्या जागी येतात. फुलंही आहेत, तणही माजलंय. एक म्हणतो, इथे कोणी माळी येत असणार. दुसरा म्हणतो, छे. पहारा देतात, कोणी येत नाही. "माळी अदृश्य असेल." काटेरी तार लावून वीज सोडतात, वास काढणारे कुत्रे फिरवतात. तार हलत नाही, कुत्रे भुंकत नाहीत. "तो दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही, विजेचा झटका बसत नाही, पण येतो. बागेवर जीव आहे त्याचा." शेवटी दुसरा वैतागतो : अरे, मग असा माळी आणि माळी नसणं यात फरक काय उरला?

फ्ल्यूचा आस्तिकांना प्रश्न हा, की काय घडलं तर तुम्ही म्हणाल, 'आम्ही चुकलो'? काहीच घडून तुमचं म्हणणं खोटं ठरणार नसेल, तर तुम्ही नेमकं म्हणताय तरी काय?

पुढची पन्नासेक वर्षं हा माणूस नास्तिकांचा खांब. २००१ मध्ये इंटरनेटवर वावडी उठली की फ्ल्यू देव मानायला लागला. त्याने लेखी कळवलं की तुमचा हिरमोड करतोय, पण मी अजून नास्तिकच आहे. आणि २००४ च्या डिसेंबरात, वयाच्या ८१ व्या वर्षी, खरोखरच जाहीर केलं की जीवसृष्टीच्या मुळाशी, डीएनएच्या त्या गुंतागुंतीमागे, काही बुद्धी असावी असं आता वाटतं.

इथून मजा आहे. त्याचा देव ॲरिस्टॉटलचा. विश्वाला चालना देऊन बाजूला झालेला. प्रार्थना ऐकत नाही, पाप-पुण्याचा जमाखर्च ठेवत नाही. मरणोत्तर जीवन फ्ल्यूने शेवटपर्यंत मानलं नाही. ख्रिस्ती आणि इस्लामी धर्मांतला देव त्याला सद्दाम हुसेनसारखा हुकूमशहा वाटायचा, हेही तेव्हाच्या मुलाखतीत बोलून गेला. म्हणजे नगरकराचे 'गुडघे टेकले' हे सपशेल चूक. तरी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बायोला या ख्रिस्ती विद्यापीठाने त्याला पुरस्कार दिला आणि २००७ च्या त्या पुस्तकाला येशूच्या पुनरुत्थानावर एका बिशपचं परिशिष्ट जोडलं गेलं.

दुसरीकडे न्यूयॉर्क टाइम्सचा वार्ताहर त्याला घरी भेटून आला आणि लिहिता झाला की म्हाताऱ्याला नावं आठवत नाहीत, पुस्तकाचं लिखाण प्रत्यक्षात सहलेखक रॉय वर्गीस यांनी केलंय. फ्ल्यूने प्रकाशकामार्फत खुलासा दिला : मी ८४ वर्षांचा आहे, लिहायला माणूस लागला, मतं माझीच. पण नास्तिकांपैकी बऱ्याच जणांनी 'भ्रमिष्ट' हा शब्द पकडला तो पकडलाच. म्हणजे नास्तिक होता तोवर थोर तर्कशास्त्री, आणि मत बदललं तर डोक्यावर परिणाम.

दोघा मित्रांना मी त्याचाच प्रश्न विचारला : काय घडलं तर तुम्ही मत बदलाल? नास्तिक म्हणाला, "असं काही घडूच शकत नाही." नगरकर म्हणाला, "मी अनुभव घेतलाय, तो कोण खोडणार?"

उत्तरं अदलाबदल करून छापली तरी कोणाला कळणार नाही. तुमचं काय?

---

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. लाह्या फोडायला घेतल्यात.

---

तर्कतीर्थ_नव्हे

'दोन्ही बाजू सारख्याच' हा निष्कर्ष नेहमी फार स्वस्तात मिळतो. कुंपणावर बसलं की दोन्हीकडचे लोक सारखेच बुटके दिसतात.

दावा करणाऱ्याने सिद्ध करायचं, हा साधा नियम. तुमच्या फ्ल्यूनेच नास्तिकतेच्या गृहीतकावर लिहिताना तो मांडलाय : आरोपी निर्दोष धरून खटला सुरू होतो तसं. न मानणं ही पोथी कशी होईल? पोथीच नाही आमच्याकडे.

आणि प्रश्नाचं उत्तर हवंय ना? ४ फेब्रुवारी २०१४, केंटकी. बायबलमधली सृष्टीनिर्मिती शब्दशः खरी मानणाऱ्या तिथल्या क्रिएशन म्युझियममध्ये विज्ञानप्रसारक बिल नाय आणि म्युझियमवाले केन हॅम यांचा वाद झाला. अक्षरशः हाच प्रश्न प्रेक्षकांतून आला. हॅमच्या उत्तराचा मथितार्थ : मी ख्रिस्ती आहे, बायबल देवाचं वचन आहे, यावरून मला कोणी हलवू शकणार नाही. नायने यादी दिली. चुकीच्या थरात सापडलेला एक जीवाश्म दाखवा, विश्व प्रसरण पावत नाही हे दाखवा, लगेच मत बदलतो. आता सांगा, दोघे सारखे?

ज्या चर्चने हजार वर्षं पृथ्वी सपाट आहे असं शिकवलं आणि गोल म्हणणाऱ्यांना जाळलं, त्यांच्याशी आमची तुलना नको.

---

होळीचा_ब्रास

वसईचा, कॅथलिक. हॅमबद्दल तुमच्याशी सहमत. पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची मानणाऱ्या त्या हॅमवाल्यांपासून आमच्यातले बहुतेक लांबच असतात.

पण सपाट पृथ्वीचं तेवढं मागे घ्या. आठव्या शतकातला बीड नावाचा इंग्रज मठवासी पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचं लिहून गेलाय. थॉमस ॲक्वायनस, म्हणजे आमच्याकडचा सर्वांत वजनदार धर्मपंडित, त्याच्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात उदाहरण देतो की पृथ्वी गोल आहे हे खगोलशास्त्रज्ञ एका वाटेने सिद्ध करतो, निसर्गशास्त्रज्ञ दुसऱ्या. उदाहरण म्हणून देतो, म्हणजे ते सर्वमान्य होतं. तेराव्या शतकापासून युरोपातल्या विद्यापीठांत सॅक्रोबॉस्कोचं जे पाठ्यपुस्तक चालायचं त्याचा विषयच 'गोल'. कोलंबसशी पंडितांचा वाद झाला तो आकारावर नव्हे, अंतरावर. आणि अंतराच्या बाबतीत पंडित बरोबर होते, कोलंबस चूक. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून वाचला. ही सपाट पृथ्वीची कथा लोकांत रुजवण्यात वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२८ च्या कोलंबस-चरित्राचा मोठा वाटा आहे. चरित्र कमी, कादंबरी जास्त.

---

तर्कतीर्थ_नव्हे

बरं, काही विद्वानांना माहीत असेल. सामान्य जनतेला चर्चने अंधारातच ठेवलं. आणि गॅलिलिओ? १६३३ ची शिक्षा तर कादंबरीतली नाही. तपशिलात इकडेतिकडे झालं तरी चर्च विज्ञानाचं वैरी होतं हा मुद्दा तसाच राहतो.

---

सातवी_ड

ओ तर्कतीर्थ, थांबा जरा.

आधी : चर्चने सपाट शिकवलं. मग : विद्वानांना माहीत होतं, पण जनतेला नाही. मग : सपाट नसेल, पण गॅलिलिओ. मग : तपशील काही असो, मुद्दा तसाच.

दिसत नाही, हाताला लागत नाही, वास नाही, विजेचा झटका बसत नाही… पण माळी येतो.

---

रिकामटेकडा

लाह्यांचं सार्थक झालं.

---

पार्ल्याचा_पोपट

सगळं गोड चाललंय, पण एक कडू आठवण काढतो.

२०१२ साली मुंबईत इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. गर्दी, प्रार्थना, लोक ते पाणी बाटल्यांतून नेतायत. सनल एडामारुकू हे विवेकवादी तिथे गेले, पाहणी केली आणि सांगितलं की जवळच्या सांडपाण्याची निचऱ्याची वाट तुंबलीय, केशाकर्षणाने पाणी भिंतीतून वर चढतंय. शाळेतला प्रयोग आहे, शाईत खडू उभा करतो तो. पुढे टीव्हीवर ते चर्चबद्दलही बोलले. परिणाम? धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम २९५अ खाली तक्रारी. अटक टाळायला माणूस फिनलंडला गेला.

आता सांगा, नास्तिकाचा हट्ट म्हणजे फार तर कोणीतरी फेसबुकवर खवचट बोलतो. आस्तिकाचा हट्ट पोलीस घेऊन येतो. तराजूत दोन्ही पारडी सारखी कशी?

---

होळीचा_ब्रास

या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही, कबुली आहे.

आमच्या इथे तेव्हा चर्चा झाली होती. 'त्याने बिशपांबद्दल असं बोलायला नको होतं' यावर सगळे तासभर बोलले. पाणी कुठून आलं यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. मला निचऱ्याचं म्हणणं तेव्हाच पटलं होतं, घरी बांधकामाचा धंदा आहे, ओल कशी चढते हे रोज बघतो. पण मीही गप्प बसलो. आणि गंमत बघा, चमत्काराला लगेच मान्यता न देणं, आधी चौकशी करणं, ही कॅथलिक चर्चची स्वतःचीच पद्धत. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरे झाल्याचे दावे हजारोंनी आले, अधिकृत चमत्कार म्हणून मान्य झाले ते शंभरही नाहीत. तिथे डॉक्टर तपासतात. इर्ल्यात एका माणसाने फुकटात तपासून दिलं, तर त्याच्यावर तक्रार.

फक्त 'नास्तिकाचा हट्ट फेसबुकपुरता' हे मात्र सत्ता हातात नसते तोवरच. रशियात १९२५ पासून लढाऊ निरीश्वरवाद्यांची रीतसर संघटना होती, आणि १९३१ च्या डिसेंबरात मॉस्कोचं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथीड्रल सुरुंग लावून पाडलं. पोलीस ज्याच्या बाजूला, त्याच्या हट्टाला दात.

---

सत्यवचन_७७७

प्रिय बंधुभगिनींनो, वाद कशाला? स्वतः डार्विननेही मरणाच्या बिछान्यावर उत्क्रांती नाकारून प्रभूचा स्वीकार केला होता. शोधा म्हणजे सापडेल. आमेन.

---

होळीचा_ब्रास

शोधलं. सापडलं. डार्विन १८८२ मध्ये वारला, ही गोष्ट लेडी होप नावाच्या बाईंच्या नावावर १९१५ मध्ये अमेरिकेत छापून आली. डार्विनच्या मुलीने १९२२ मध्ये जाहीर सांगितलं की मी वडिलांच्या उशाशी होते, या बाई तिथे नव्हत्या. आपल्याच बाजूच्या खोट्या नाण्याला आपण आधी नाही म्हणावं, भाऊ.

---

सत्यवचन_७७७

प्रभू तुमचे डोळे उघडो.

---

औंध_रोडचा_दुर्बीणवाला

अवांतर वाटेल, पण नाही.

महास्फोटाच्या कल्पनेचा बाप जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. आणि 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर ज्याने दिलं तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल या कल्पनेचा विरोधक. विश्वाला आरंभ म्हटला की मागच्या दाराने निर्माता आत येतो, ही त्याची एक कुरकुर होती. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात आधुनिक विश्वशास्त्राला बायबलमधल्या 'प्रकाश होवो'शी नेऊन जोडलं. सर्वांत अस्वस्थ कोण झालं? लमेत्र. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग आहे, तो आस्तिकाला टेकू देत नाही आणि नास्तिकाला अडवत नाही. पोपनी पुन्हा तो सूर लावला नाही.

धर्मगुरू स्वतःच्या पोपला आवरतो, आणि हॉइल मात्र १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा (महास्फोटाचा मोठा पुरावा मानतात त्या, सगळीकडून येणाऱ्या मंद प्रारणाचा) शोध जाहीर झाल्यावरही २००१ मध्ये मरेपर्यंत महास्फोट मानत नाही. सांगा, पोथीनिष्ठ कोण?

---

तर्कतीर्थ_नव्हे

मग आपले नारळीकर पण पोथीनिष्ठ म्हणा! १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर स्थिर विश्वाची (म्हणजे आरंभच नसलेल्या विश्वाच्या सिद्धांताची) सुधारलेली आवृत्ती त्यांनीच मांडली.

---

औंध_रोडचा_दुर्बीणवाला

चिडू नका, चांगला आक्षेप आहे. रात्रभर विचार केला त्यावर.

नारळीकर सरांना व्याख्यानांत ऐकलंय. बहुसंख्यांनी मानलं म्हणून मानायचं नाही, हा त्यांचा बाणा होता, आणि आमचा सिद्धांत कुठल्या निरीक्षणाने अडचणीत येईल हे ते सांगत. जगाला त्यांचं म्हणणं पटलं नाही, मलाही नाही. पण अल्पमतात चिवटपणे उभं राहणं आणि पोथीला चिकटणं या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. मी हॉइलला फार पटकन शिक्का मारला का? बहुधा हो. माझं वरचं शेवटचं वाक्य जास्त झालं.

---

केडगावची_माई

मुलांनो, फोनवर टंकतेय, चुका पोटात घाला.

तुम्ही नास्तिक आणि ख्रिस्ती म्हणता तेव्हा ख्रिस्ती म्हणजे एकच गाठोडं धरता. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पुढे त्या तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून भांडल्या. त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत पटत नाही, तर मी तोंडदेखलं 'हो' का म्हणू? एका पुरोहितवर्गाचं जोखड एवढ्या कष्टाने मानेवरून उतरवलं, ते दुसऱ्याचं लगेच चढवून घेऊ का, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. सिस्टरना तो गर्व वाटला. इकडे पुण्यात लोक म्हणत होते, बाटली. बाईंना दोन्हीकडून मार. गण्या, तुझ्या त्या फ्ल्यूसारखंच की.

आता तुझा प्रश्न, काय घडलं तर सोडशील. माझ्याबाबतीत घडलं. हे आजारी पडले तेव्हा मंडळीतल्या सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली, आणि हे गेले. पाळकसाहेब म्हणाले, देवाची योजना. मी म्हटलं, योजना तुमच्याजवळ ठेवा. दोन वर्षं देवळात (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) पाऊल टाकलं नाही. मग एका रविवारी गेले. कोणी समजावलं नाही, चमत्कार झाला नाही, शेजारीण निघाली होती म्हणून गेले, आणि तिसऱ्या गीताला आवाज लागला. आता याला तुम्ही सवय म्हणा. माझी थोरली तेच म्हणते. मला तिचं खोडता येत नाही, आणि तिच्यावर रागही येत नाही.

---

तर्कतीर्थ_नव्हे

माई, नमस्कार. तुमच्याशी वाद घालणार नाही. (घालावासा वाटतोय, हे खरं सांगतो.)

बाकी, सपाट पृथ्वीचं काल रात्री बसून वाचलं. होळीचा_ब्रास बरोबर आहेत, ते वाक्य मागे घेतो. गोल म्हटल्याबद्दल जाळलेला एकही माणूस मला सापडला नाही. गॅलिलिओ मागे घेत नाही!!

---

थेम्सकाठचा_गण्या (धागाकर्ता)

माई, तुमच्यासाठी थोडं. १९५० च्या त्याच चर्चेत बेसिल मिचेल नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने फ्ल्यूला दुसरी गोष्ट सांगून उत्तर दिलं होतं. शत्रूने व्यापलेल्या देशात एका क्रांतिकारकाला रात्री एक परका भेटतो. रात्रभर बोलणं होतं, तो म्हणतो, मी तुमच्याच बाजूचा आहे, काही झालं तरी विश्वास ठेव. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, कधी शत्रूच्या गणवेशात आपली माणसं पकडून देताना. क्रांतिकारक म्हणत राहतो, तो आपलाच आहे. मिचेलचं म्हणणं असं, की विरुद्ध पुरावा याला दिसतो, टोचतो, तो नाकारत नाही. तरी विश्वास लगेच सोडत नाही. फ्ल्यूच्या बागेतल्या माणसाला काही टोचतच नव्हतं, हा फरक. माई, तुमची ती दोन वर्षं वाचून मला हीच गोष्ट आठवली.

तर्कतीर्थ, 'सारखेच' हा शब्द माझाही सैल होता. नाय-हॅमचा मुद्दा मान्य. पण माझा मित्र बिल नाय नाही ना! नास्तिकतेच्या बाजूने चांगला युक्तिवाद आहे म्हणून प्रत्येक नास्तिक तो करतोच असं कुठाय?

ग्रुपवर सगळा फ्ल्यू लिहून टाकला. नगरकर म्हणाला, "पण शेवटी देव मानलाच ना?" नास्तिक म्हणाला, "पण शेवटी ख्रिस्ती झाला नाहीच ना?" मग कोणीतरी कोजागरीचा फोटो टाकला.

---

होळीचा_ब्रास

माळी आणि परका, दोन्ही गोष्टी मराठीत करून आमच्या वाचनगटात वाचणार आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आठ-दहा जण जमतो. गण्याभाऊ, चालेल ना?

---

तर्कतीर्थ_नव्हे

बाहेरच्याला प्रवेश आहे का? वाद घालणार, हे आधीच सांगून ठेवतो.

---

होळीचा_ब्रास

या की. बोरिवलीहून विरार लोकल पकडा आणि नऊच्या आत परत निघा, नाहीतर मुक्काम. तळलेले फुगे आणि मटण असतं. गॅलिलिओ जेवण झाल्यावर काढा.